ऐकलेला सिनेमा

मी एक सिनेमा पाच हजार वेळा ऐकला होता, पण पाहिला एकदाही नव्हता. असं सांगितलं की समोरचा माणूस आधी हसतो आणि मग माझ्याकडे जरा काळजीने बघतो. म्हणून आधी आमच्या दुकानाची रचना सांगते.

आमचं केस कापायचं दुकान आहे. एकच लांबरुंद खोली आणि मधोमध प्लायवूडचं उभं पार्टिशन. रस्त्यावरून बघितलंत तर डावं दार पुरुषांचं, उजवं बायकांचं. डावीकडे आमचे हे आणि उजवीकडे मी. पार्टिशनला कमरेच्या उंचीवर एक बारकी खिडकी आहे, तिला सरकतं झाकण. तिच्यातून चहाचे कप, धुतलेले टॉवेल आणि अधूनमधून टोमणे ये-जा करतात. खिडकीच्या वर, यांच्या बाजूला, टीव्ही टांगलाय. म्हणजे टीव्हीचं तोंड तिकडे आणि पाठ माझ्याकडे. प्लग मात्र माझ्या बाजूला आहे, म्हणून प्लायवूडला भोक पाडून वायर इकडे आणलीय. वीज माझी आणि सिनेमा यांचा.

सिनेमाही एकच. लग्नाआधी थिएटरात जाऊन यांनी तो अकरा वेळा पाहिलेला. दुकान उघडलं त्या आठवड्यात त्याची डीव्हीडी आणली आणि तेव्हापासून अठरा वर्षं रोज साडेनऊला शटर वर गेलं, आरसे पुसून झाले, की सिनेमा सुरू. बाराला दहा कमी असताना संपतो. मग टीव्ही बंद, तो थेट दुसऱ्या दिवशी पहिल्यापासून. मध्ये थांबवायचा नाही, पुढे ढकलायचा नाही, खुर्चीत कितीही मोठा साहेब बसलेला असो. डिस्क झिजली की नवी येते. आत्ताची चौथी आहे.

गिऱ्हाइकांना त्यामुळे सिनेमा तुकड्यांनी मिळतो. पोस्टमन दर गुरुवारी दहाला येतो, कारण तोवर त्याची आमच्या गल्लीतली पत्रं वाटून झालेली असतात. त्याच्या वाट्याला जी वीसेक मिनिटं येतात त्यांत हिरो कुणाची तरी पेटी उचलून पळतो. पोस्टमन गेली सतरा वर्षं त्या हिरोला चोर समजतो. समोरच्या दुकानातले घड्याळजी महिन्याच्या दुसऱ्या शनिवारी सव्वाअकराला येतात. त्यांच्या तुकड्यात हिरो खूप वर्षांनी घरी परततो, थोरल्या भावाच्या पाया पडतो. ते त्याला देवमाणूस म्हणतात. दोघांची रस्त्यात गाठ पडली की हमखास जुंपते. पण दुकानाचा नियम आहे, मागचं-पुढचं कुणी कुणाला सांगायचं नाही. ज्याला जाणून घ्यायचंय त्याने वेगळ्या वेळी यावं. कुणी येत नाही. जो तो आपापल्या तुकड्यावर खूश आहे.

आणखी एक गंमत. खुर्च्यांची तोंडं आरशाकडे आणि टीव्ही पाठीमागे, तेव्हा सगळे सिनेमा बघतात तो आरशात. हेही गिऱ्हाइकामागे उभे राहून आरशातच बघतात. त्यामुळे आमच्या गल्लीत हिरो डावखुरा आहे यावर सगळ्यांचं एकमत आहे.

आणि मी? मला सगळा सिनेमा मिळतो, पण फक्त कानाने. सुरुवातीला वैताग यायचा. मग हळूहळू तो माझ्या डोक्यात घर करून राहिला. बाईचे केस विंचरताना मला कळतं, आता आगगाडी येणार. धडधड धडधड करत ती येते, हिरो गाव सोडून जातो, आणि प्रत्येक वेळी मी मनातल्या मनात त्याला म्हणते, जपून जा रे. खलनायकाचा आवाज असा की मी त्याला दरवाजात न मावणारा गलेलठ्ठ माणूस करून टाकलाय. हिरोचा एक मुका धाकटा भाऊ आहे, राजा म्हणून. “राजा, बस इथे”, “राजा, जेवलास का रे?” असं हिरो त्याला विचारतो आणि तो बिचारा एका शब्दाने उत्तर देत नाही. शेवटी राजा हरवतो तेव्हा मी अजूनही डोळे पुसते. नर्सबाई, म्हणजे माझं सगळ्यात जुनं गिऱ्हाईक, इस्पितळातली रात्रपाळी संपवून केस धुवायला येतात, त्यांनासुद्धा मी राजासाठी रडायला लावलंय.

आता तुम्ही विचाराल, मग अठरा वर्षांत एकदा उठून पलीकडे जायला काय झालं होतं? झालं होतं ते असं. दुकान उघडलं तेव्हा मीच यांना म्हटलं होतं, “मला दाखवा की तुमचा सिनेमा.” हे म्हणाले, “असा नाही, एक दिवस निवांत बसू, दोघंच.” सुट्टीच्या दिवशी यांना झोप, मला धुणं. पुढच्या सुट्टीला पाहुणे. त्याच्या पुढच्या सुट्टीला मी आठवण केली नाही, कारण दरवेळी मीच का करायची? माझ्या नाकावर राग असतो हे मला माहीत आहे. मी ठरवलं, हे बोलावतील तेव्हाच बघीन. यांनी बोलावलंच नाही. ज्या माणसाने हा सिनेमा दूधवाल्यापासून दाताच्या डॉक्टरपर्यंत सगळ्या गल्लीला दाखवला, त्याने बायकोला कधी “ये, बस” म्हटलं नाही. वरवर मी हे चेष्टेवारी नेत होते, पण आत टोचायचं ते टोचायचंच.

तर त्या दुसऱ्या शनिवारची गोष्ट. मी नर्सबाईंच्या डोक्याला रंग लावत होते. सव्वाअकराला तिकडचं दार जोरात उघडलं आणि घड्याळजींचा आवाज आला. ते एरवी इतकं हळू बोलतात की त्यांच्या दुकानातली घड्याळंच जास्त बोलतात. आज मात्र पारा चढलेला.

“दादा, माझी अब्रू गेली! पार गेली!”

“बसा आधी,” हे म्हणाले. “काय झालं?”

झालं होतं असं. घड्याळजी लेकीकडे गेले होते. तिथल्या एका थिएटरात जुने सिनेमे दाखवतात, आणि नेमका हाच लागलेला. जावई, जावयाचे आईवडील, सगळ्यांना घेऊन घड्याळजी गेले. सुरुवातीचं सगळं त्यांना नवीनच होतं, पण आपला तुकडा आल्यावर त्यांना राहवेना. हिरो घरी येतो, दाराशी उभा राहतो, आत बायको पाठमोरी काम करत असते. घड्याळजी सगळ्या रांगेला ऐकू जाईल असं म्हणाले, “आता ऐका हं. आता ती मागे न बघताच विचारते. सिनेमातलं सगळ्यात सुंदर वाक्य आहे.”

“मग?” हे म्हणाले. यांचा आवाज मला जरा बारीक वाटला.

“मग काय! तिने विचारलंच नाही! नुसतं शांत. चार मिनिटं एक अक्षर नाही! जावयाचे वडील माझ्याकडे बघतायत. मी उठलो आणि मॅनेजरला जाऊन सांगितलं, तुम्ही सिनेमा कापलाय. ‘चहा ठेवू का?’ हे वाक्यच उडवलंय! एवढ्या वर्षांनी नवरा दारात आलाय, ती वळत नाही, रडत नाही, नुसतं विचारते, चहा ठेवू का. आणि तो म्हणतो, ठेव. संपलं! अख्खा संसार आला त्यात! ते कापलं गाढवांनी! आणि वर त्यांचा हिरो उजव्या हाताने लिहितो!”

पलीकडे कुणीतरी खुर्चीतल्या खुर्चीत फुटलं आणि खोकल्याचं नाटक करायला लागलं. माझ्या हातातला ब्रश मात्र नर्सबाईंच्या कपाळावर तसाच थांबला.

कारण ‘चहा ठेवू का?’ हे वाक्य माझं आहे.

त्याचं असं आहे, रोज साधारण अकरा वीसला सिनेमाचा आवाज एकदम बंद व्हायचा. तीन-चार मिनिटं चिडीचूप. मी समजत होते की हे मुद्दाम थांबवतात. गळ्याशी वस्तरा असताना लक्ष सिनेमात नको, म्हणून. मला त्या शहाणपणाचं कौतुकसुद्धा वाटायचं. आवाज थांबला की मी हात धुवायचे, पुसायचे, आणि पार्टिशनकडे तोंड करून ओरडायचे, “चहा ठेवू का?” हे तिकडून म्हणायचे, “ठेव.” रोज. अठरा वर्षं. घड्याळजी मला चांगले ओळखतात, पण माझा ओरडण्याचा आवाज फक्त यांच्यासाठी राखून ठेवलेला. तो प्लायवूडमधून टीव्हीच्या बाजूने त्यांच्या कानात जायचा. चष्मा काढलेला, तोंडाला फेस, आरशात ती पाठमोरी बाई. आणि हे तर सबंध सिनेमाभर हिरोची वाक्यं बरोबरीने पुटपुटतच असतात, त्यात एक ‘ठेव’ कुणाला वेगळा वाटणार? पाठोपाठ खरा चहाही यायचा. घड्याळजी म्हणत होते, “आणि मी तुमचं किती कौतुक सांगितलं तिकडे, की आमचे दादा सिनेमातल्या चहाबरोबर आपला चहा काढतात!”

“अगं,” नर्सबाई खालून हळूच म्हणाल्या, “रंग डोळ्यात चाललाय.”

मी रंग पुसला. माझ्या डोळ्यांसमोर मात्र काजवे चमकत होते. म्हणजे तिथे थांबवलेलं काही नव्हतंच. तिथे सिनेमातला सगळ्यात मोठा प्रसंग चालू असायचा आणि त्याच्या ऐन मध्यावर मी चहा, चहा करून ओरडत होते.

दुपारी जेवताना मी यांना धरलं. “खरं सांगा, मी रोज तुमच्या सिनेमाचा विचका करत होते ना?”

“विचका कसला त्यात?” हे ताटातच बघत म्हणाले. “घे, भाजी घे.”

“मग सांगितलं का नाही कधी?”

“त्यात सांगायचं काय? चहा लागतोच त्या वेळेला.”

आमच्या ह्यांच्याकडून सरळ उत्तर काढणं म्हणजे ओल्या साबणाला मुठीत धरणं. मी विचारत राहिले, हे निसटत राहिले. शेवटी मी म्हटलं, ठीक आहे, उद्यापासून बंद. अकरा वीसला माझ्या तोंडाला कुलूप.

दुसऱ्या दिवशी आवाज थांबला. मी हात धुतले, पुसले, आणि गप्प बसले. पलीकडेही सगळं गप्प. कात्रीचासुद्धा आवाज येईना. एक मिनिट गेलं, दोन गेली. मग खिडकीचं झाकण सरकलं आणि त्या चौकोनात यांचा चेहरा. एका हातात वस्तरा तसाच.

“बरं वाटत नाहीये का तुला?”

“मला काय धाड भरलीय? तुमचा सिनेमा बघा.”

“नाही, म्हणजे... चहाचं...”

“साडेअकरानंतर मिळेल. तुमची ती शांतता संपली की.”

झाकण बंद झालं. पलीकडून गिऱ्हाइकाचा आवाज आला, “दादा, माझा एक कल्ला जरा वर गेलाय का?” हे म्हणाले, “हल्ली तसेच ठेवतात.”

असे तीन दिवस गेले. तीन दिवसांत यांनी एका वकिलाची मिशी एका बाजूने कमी केली आणि मग दुसरी बाजू जुळवता जुळवता सगळीच काढून टाकली. वकील घरी गेला तर त्याच्या पोरीने भोकाड पसरलं म्हणे. मला वाटलं होतं की हे सुटकेचा निःश्वास टाकतील. उलट घरात टाचणी पडली तरी दचकत होते. मला कळेना, या माणसाला नेमकं हवंय काय.

बुधवारी पोस्टमन माझ्या दारात पत्र द्यायला आला आणि पत्र देऊन तसाच रेंगाळला.

“वहिनी, बोला की परत. दुकानात मजा नाही राहिली.”

“तुला काय माहीत रे? तू तर दहा वाजता येऊन जातोस.”

“येऊन जातो, पण सगळ्यांना माहितीये. घड्याळजी सोडून. ते पहिल्याच दिवशी त्या वाक्यावर एवढे खूश झाले की दादांना सांगवेना.” मग त्याने जीभ चावली, पण त्याच्या जिभेला हाड नाहीच. “दादांनी प्रत्येक नवीन गिऱ्हाइकाला पहिल्याच दिवशी बजावलेलं असतं. तिकडून आवाज येईल, हसायचं नाही. आणि वहिनींना कधी काही सांगायचं नाही.”

तळपायाची आग मस्तकात जाते म्हणतात ती कशी जाते हे मला त्या दिवशी कळलं. म्हणजे अख्ख्या गल्लीला माहीत! दूधवाल्याला माहीत, दाताच्या डॉक्टरला माहीत! अठरा वर्षं पलीकडे सगळे गालातल्या गालात हसत होते आणि माझा नवरा त्यांना ‘हसू नका’ म्हणून सांगत होता, घरात कुणी वेडं असलं की पाहुण्यांना सांगतात तसं. म्हणून मला कधी बोलावलं नाही! बायकोला सिनेमा कळणार नाही, ती आपली चहावाली, तिला पलीकडेच ठेवा. पोस्टमन गेल्यावर मी दार लावून घेतलं आणि टॉवेलात तोंड खुपसून रडले. खोटं कशाला बोलू, चांगली हुंदके देऊन रडले.

नर्सबाई गुरुवारी सकाळी सातलाच पाळी संपवून घरी आल्या. मी सगळं भडाभडा ओकून टाकलं. त्यांनी शांतपणे ऐकून घेतलं आणि विचारलं, “तुला राग कशाचा आलाय? ते हसले याचा, की त्यांनी बोलावलं नाही याचा?”

“बोलावलं नाही याचा,” मी म्हटलं. बोलून गेल्यावर माझं मलाच बरं वाटलं.

“मग बोलावण्याची वाट कसली बघतेस? दुकान अर्धं तुझंच आहे ना? जा आणि बस. त्यांच्या तोंडाकडे बघ, कळेल तुला तू त्यांना तिथे हवीयेस की नकोयस.”

नर्सबाईंचा हा गुण आहे. इंजेक्शन देतात ते कळायच्या आत देतात.

साडेनऊला मी माझ्या दारावर ‘बंद’ची पाटी लावली, ॲप्रन काढून खुंटीला टांगला, केस नीट केले आणि रस्त्यावरून फिरून डाव्या दाराने आत शिरले. अठरा वर्षांत त्या बाजूला मी झाडायला आणि फरशी पुसायलाच गेले होते, तेही टीव्ही बंद असताना. हे नुकतेच रिमोट दाबत होते. मी मधल्या खुर्चीत बसले, हात खुर्चीच्या हातांवर ठेवले आणि आरशात बघितलं.

“काय हवंय?” यांनी विचारलं. सवयीने टॉवेलसुद्धा झटकला.

“सिनेमा.”

यांच्या तोंडचं पाणी पळालं. आरशात मला स्पष्ट दिसलं. “अगं, तुला नाही आवडायचा. जुना आहे. रंगसुद्धा उडालाय. आणि गिऱ्हाइकं येतील, त्यांना अवघड होईल. आणि डिस्कवर ओरखडा आहे.”

“असू दे. लावा.”

“सुट्टीच्या दिवशी निवांत...”

“अहो,” मी म्हटलं, “लावता की मी प्लग काढू?”

यांनी लावला.

काय सांगू तुम्हाला! पहिल्या अर्ध्या तासात माझं अठरा वर्षांचं बांधकाम कोसळलं. आगगाडी कुठेच नव्हती. हिरोची बायको शिवणयंत्र चालवते, त्याची ती धडधड. खलनायक म्हणजे नुसती काडी, फुंकर मारली तर उडेल असा, आणि आवाज मात्र पिंपातून आल्यासारखा. आणि राजा! राजा कुत्रा निघाला. चांगला झुबकेदार शेपटीचा, हिरोपेक्षा देखणा कुत्रा. मी खुर्चीत इतकी हसले, इतकी हसले की दहाला आलेला पोस्टमन दारातच थबकला. ज्या कुत्र्याचं भुंकणं मी शेजारच्याचं समजत होते ते या राजाचं होतं, आणि मी पाच हजार वेळा त्याच्या जेवणाची काळजी केली होती!

“वहिनी, तुम्ही इकडे?” पोस्टमन म्हणाला. मग तो माझ्या शेजारच्या खुर्चीत बसला, दाढी झाली तरी उठेना. म्हणाला, आज अर्ध्या दिवसाची रजा काढलीय, आत्ता, याच क्षणी काढली. दुकानाचा नियम मोडून त्याला पुढचं बघायचं होतं, कारण मी पुढचं बघणार होते. हिरोने ती पेटी ज्याची त्याला परत नेऊन दिली तेव्हा पोस्टमनने कपाळावर हात मारून घेतला. “सतरा वर्षं! सतरा वर्षं मी त्याला शिव्या घातल्या!”

मी मात्र मधूनमधून यांच्याकडे बघत होते. नर्सबाईंनी सांगितलं होतं, तोंडाकडे बघ. तोंडावर काही धड कळत नव्हतं. सिनेमा त्यांच्या नेहमीच्या प्रेमाचा, पण आज ओठ हलत नव्हते. एकाचे केस कापून झाले, दुसरा बसला, हे सारखे घड्याळाकडे बघत होते. मला वाटलं, झालं, यांना मी इथे नकोच आहे. आपण उठावं का, असंही मनात येऊन गेलं. पण आता मला त्या हिरोचं घर बघायचंच होतं.

अकराच्या पुढे दुकानात मावेना. बातमी गल्लीभर झाली होती. घड्याळजी समोरून रस्ता ओलांडून आले. त्यांना एव्हाना कुणीतरी खरं काय ते सांगितलं होतं, कारण माझ्याकडे बघून त्यांनी असा काही नमस्कार केला की मी कुणी मोठी नटीच असावी. “तुम्ही फार छान म्हणत होता हो,” एवढंच पुटपुटले आणि भिंतीला टेकून उभे राहिले.

आणि मग आवाज थांबला.

हिरो दाराशी आला होता. अंगावर धूळ, हातात बोचकं. आत बायको पाठमोरी बसलेली. शिवणयंत्र थांबलंय, ती दातांनी दोरा तोडते, कापड झटकते, घडी घालते, दुसरं घेते. तिला माहीतच नाही की तो आलाय. आणि तो हाक मारत नाही. नुसता बघत राहतो. तिचे हात, तिची मान, पांढरे झालेले केस. चेहऱ्यावर अशी काही तहान की मला वाटलं, आता हा बोलेल, आता बोलेल. पण तो बोलत नाही. कारण बोलला की ती वळणार, मग रडणं, जाब विचारणं, सगळं सुरू होणार. त्याच्या आधीचं हे एवढंसं बघणं त्याला हवं असतं. मला इतकं समजलं, सिनेमा न कळणाऱ्या बाईला. दुकानात वीसेक माणसं होती. सगळ्यांच्या नजरा आरशात. पोस्टमन तोंड उघडं टाकून बघत होता, घड्याळजींचा चष्मा ओला झाला होता, खुर्चीतल्या गिऱ्हाइकाच्या गालावर फेस सुकत चालला होता.

आरशात सगळ्यांचे चेहरे होते. फक्त यांचा नव्हता. यांची पाठ होती.

मी मान वळवून बघितलं. आपल्या सगळ्यात लाडक्या सिनेमातल्या सगळ्यात मोठ्या प्रसंगाकडे पाठ करून हे उभे होते, वस्तरा हातात तसाच धरून. डोळे वर टीव्हीवरसुद्धा नव्हते. खाली होते, त्या बारक्या खिडकीच्या बंद झाकणावर. मान किंचित तिरकी, कान पुढे, ओठ ‘ठेव’ म्हणायला अर्धे उघडलेले. ही रोजची सवय होती. मला कुणी सांगायची गरजच नव्हती, ज्या सहजपणे ते उभे होते त्यावरूनच कळत होतं. अठरा वर्षं रोज हा प्रसंग आला की हा माणूस पाठ फिरवून माझ्या आवाजाची वाट बघत उभा राहत होता. आणि आज मी त्यांच्यापासून दोन हातांवर बसले होते हेही त्यांच्या लक्षात राहिलं नव्हतं.

मी त्यांची बाही ओढली.

“अहो,” मी म्हटलं, “मी इकडे आहे.”